मागं उत्तरं असलेलं पुस्तक

गणिताचं पुस्तक हातात आलं की मी आधी मागचं पान उघडते. मागं उत्तरं असली तर पुस्तक घ्यायचं, नसली तर दुकानदाराला परत. यात माझं एकटीचं शहाणपण काही नाही, आमच्या भागात सगळे असंच करतात. माझे वडील सहावीच्या पुढे शिकले नव्हते, पण आमच्यासाठी पुस्तकं आणायला गेले की तेही आधी मागचीच पानं चाळायचे. म्हणायचे, "ज्याच्या मागं उत्तर नाई ते पुस्तक म्हंजे बिनदोराची बालटी. विहिरीत सोडली का गेली." मी हसायचे, पण सवय तीच लागली. ती सवय पन्नाशीला टेकल्यावर मला अशी भोवली की काय सांगू.

तेलंगणातल्या इचोड्यात हायवेला लागून आमचं दुकान आहे, शेतीच्या मोटारी आणि पाइपांचं. मागं घर. पुढं नवरा, मागं मी, आणि मधला दरवाजा दिवसभर उघडा. ट्रकांचा आवाज इतका कानात बसलाय की माहेरी गेले तर शांततेनं झोप येत नाही. शाळा माझी मराठीची, दहावीपर्यंत. गणितात मी वर्गात पहिली. गुरुजी स्वतः खुर्चीवर बसायचे आणि मला फळ्यावर उभी करायचे. त्यानंतर इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, बोथला गेले, तिथं सगळं तेलुगूत. फळ्यावरचे आकडे ओळखीचे, मधले शब्द परके. वर्षभर नुसती मान हलवली आणि परीक्षेत बसले ती रडतच बाहेर आले. मग लग्न. मग मोटारी, पाइप, पोरगा, त्याचं शिक्षण. तो हैदराबादला नोकरीला गेला आणि दुपारी घरात करायला काही उरलं नाही.

दुपारी मोबाईलवर बघता बघता एकदा गणिताचा व्हिडिओ लागला. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. महिन्याभरात डोक्यात भूतच शिरलं, की डिग्रीचं गणित आपण घरी बसून शिकायचं. परीक्षा नको, सर्टिफिकेट नको. बोथच्या त्या बाकावर जे सुटलं ते नुसतं समजलं पाहिजे. नवऱ्याला सांगितलं, तर त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "शिक ना! कोन नाई म्हनलं?" मला बरं वाटलं. पण या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत समोरच्या ढाब्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं, की आमची आता कॉलेजचं गणित करून राह्यली.

आता पुस्तक कोणतं? इथून माझी फजिती सुरू झाली. व्हिडिओतला एक चष्मेवाला पोरगा, मागं पुस्तकांची भिंत, तो म्हणाला अमुक पुस्तकानं सुरुवात करा. पोराला सांगून ते मागवलं. एवढं जाड, की पापडावर वजन म्हणून ठेवावं. मागं उत्तरं होती, म्हणून खूश होते. पहिला धडा गेला, दुसऱ्यात गाडी रुतली. म्हटलं, पुस्तकच बरोबर नाही. दुसरं मागवलं. त्यातही तिथंच रुतली. म्हटलं, इंग्रजीमुळे होत असेल. आदिलाबादहून तेलुगू मिडियमचं आणलं. आता बाजारात बोलण्याइतकी तेलुगू मला येते, पण टमाटे घेण्याची तेलुगू वेगळी आणि प्रमेयाची वेगळी. मग किनवटच्या मावसबहिणीच्या मागं लागले, तिनं महाराष्ट्रातून मराठी पुस्तक पाठवलं. काय आनंद झाला मला! सीमा, सांतत्य, अभिसरण. आपले शब्द! हळदीकुंकू वाहायचंच तेवढं बाकी ठेवलं.

आणि ते मला सगळ्यात कमी कळलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. इतकी वर्षं मी स्वतःला आणि जगाला सांगत होते, की मला गणित येत होतं हो, तेलुगूनं घात केला. आता मातृभाषेतलं पुस्तक मांडीवर, आणि तरी डोक्यात उजेड नाही. आता कुणाच्या नावानं बोटं मोडायची? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणंच बदलत सुटले होते. नवऱ्याला काही बोलले नाही. ते मात्र गिऱ्हाइकाला माझी पुस्तकांची फळी दाखवायचे. "पाहा, इंग्रजी, तेलुगू, मराठी, तीनही हाईत."

शेवटी एक बारीकसं पुस्तक मागवलं. जिथं तिथं लोक लिहीत होते, की एकट्यानं शिकणाऱ्यानं हेच घ्यावं, यासारखं दुसरं नाही. हिरवं कव्हर, इंग्रजी अगदी साधी, माझ्यासारखीला कळेल अशी. थोडं सांगायचं आणि मग तुम्हालाच विचारायचं, असं ते पुस्तक. मी सवयीनं मागचं पान उघडलं. उत्तरं नाहीत. म्हटलं पानं गळाली असतील. पुढं सुरुवातीला लिहिलेलं होतं, की उत्तरं मुद्दामच दिलेली नाहीत, तुमचं बरोबर आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच कळलं पाहिजे. असा संताप आला! मला कळत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, बाप्पा? दुकानातल्या पाइपांच्या सांध्यांचं एक खोकं फळीवर होतं, त्याच्याखाली ते दडपून टाकलं.

मग मी गाईड आणलं.

आदिलाबादला बसस्टँडजवळच्या दुकानात ते ढिगानं होतं. दुकानदार हिंदीत म्हणाला, "यही ले जाओ, बहनजी, सब इसी से पास होते." त्यात प्रत्येक प्रश्न आणि त्याखाली त्याचं पूर्ण उत्तर. प्रश्नाला चांदण्या काढलेल्या. एक चांदणी म्हणजे परीक्षेत येऊ शकतो, तीन चांदण्या म्हणजे येणारच. मला परीक्षा द्यायची नव्हती, तरी मी तीन चांदण्यांपासून सुरुवात केली. आणि काय सांगू, भराभर येऊ लागलं! कारण आता समजायचं नव्हतंच. पाठ करायचं होतं. पाठांतराला आम्ही मायलेकी पहिल्यापासून पक्क्या. आईला आरत्या, स्तोत्रं, अथर्वशीर्ष सगळं तोंडपाठ, एका अक्षराचा अर्थ माहीत नसताना.

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी दुकानात जाऊन बसायची. नवरा काउंटरमागं गाईड उघडून धरायचे, ओळीवर बोट ठेवायचे, आणि मी डोळे मिटून म्हणायची. लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झीरो. त्यांना इंग्रजी वाचता येतं ते मोटारीच्या डब्यावरचं, पण बोट बरोबर सरकायचं. मध्येच थांबवायचे. "थांब. देअरफोर राह्यलं तुयं." मी देअरफोर घालायची आणि पुढं जायची. एकदा पाइप घ्यायला आलेले एक म्हातारेबाबा माझं म्हणून होईस्तोवर टोपी काढून उभे राहिले, आणि संपल्यावर त्यांनी हात जोडले. नवरा हसू दाबत म्हणाले, "बाबा, देवाचं नाई, गणिताचं हाय." बाबा म्हणाले, "एकच हाय ना."

सगळे हसले, मीही हसले. पण आतून मला ठाऊक होतं, की बाबांचं बरोबर होतं. मी जप करत होते. लोक कौतुक करायचे तेव्हा मला पदरानं तोंड झाकून मागं पळावंसं वाटायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा दुकानात जाऊन बसायची. कौतुकाची चटक वाईट असते.

असं चाललेलं असताना एके सकाळी गुडीहत्नूरहून नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, आले. भाजीपाला पिकवतात ते, वांगी, मेथी, कोथिंबीर. गाडीच्या मागं त्यांची पोरगी बसलेली, माझ्या नणंदेची थोरली. आदिलाबादला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होती, गणित घेऊन. पोट्टी लहानपणापासून आमच्याकडे सुट्टीला यायची, पण त्या दिवशी खाली बघूनच घरात शिरली. नंदोयांनी वांग्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "वयनी, हिचा गणिताचा एक पेपर दोनदा बुडाला. या खेपेला निघाला तं ठीक, नाई तं कॉलेज बंद करतो. घरी बसून माल तोडू दे. मले बी आता लोकायले तोंड देववत नाई." ते रागानं बोलत नव्हते, थकून बोलत होते. "परीक्षेपर्यंत इथंच ठेवून घ्या. तुमच्याच भरवशावर हाय."

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलून मोकळे. "अरे चिंताच सोडा! तिले सगळं पाठ हाय."

मी म्हणायला हवं होतं, की भाऊजी, पाठ आहे, येत नाही. एवढंच वाक्य. पण ओट्यावर वांगी, समोर नंदोयाचा थकलेला चेहरा, दारात नवरा छाती फुगवून उभा, आणि ती पोरगी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, "पाहू."

नंदोई गेल्यावर मी तिला विचारलं, "बुडते काऊन पण? तू तं हुशार."

"मामी, आमचे सार म्हनतात पाठ करा. मले समजल्याशिवाय पाठच होत नाई. काऊन हे कळलं नाई तं पुढची ओळ ध्यानातच राहत नाई." असं म्हणत ती माझी पुस्तकांची फळी चाळत होती. तिनं खोकं उचलून बाजूला ठेवलं आणि खालचं हिरवं पुस्तक ओढून काढलं. पहिलं पान उघडलं, उभ्या उभ्या वाचलं, मग खालीच बसली. "पेन्सिल हाय का वो?"

मी तिच्याकडे बघत होते. तिनं मागचं पान उघडूनही पाहिलं नाही.

पुढचे दिवस ती त्या पुस्तकातच होती. मी गाईड काढून द्यायची, ती "हो मामी" म्हणायची आणि गाईड शेजारी ठेवून हिरव्या पुस्तकात डोकं घालायची. एकेका प्रश्नावर अख्खी दुपार. मी आतून कासावीस. परीक्षा जवळ येतेय आणि ही एकेका ओळीला विचारत बसलीय. एकदा मी भाकरी थापत होते, तर ती धावत आली, पेन्सिल कानावर, चेहरा असा की जणू लॉटरी लागली. "मामी, निघालं! परवापासून अडलं होतं ते निघालं!"

"बरोबर हाय हे कशावरून? मागं उत्तर कोठी हाय?"

"उत्तर कायले पायजे? बरोबरच हाय. पाहा ना." आणि तिनं कागद माझ्यापुढं धरला.

मी हाताचं पीठ झटकून पाहिला. काय कळणार मला? तवा तापला होता. मी म्हटलं, "हो, बरोबर हाय," आणि भाकरी उलटली. ती नाचतच परत गेली. तिला काय माहीत, की जिच्याकडून शाबासकी घेतली तिला त्यातली एक ओळ लागलेली नव्हती.

आणि मग ती दुपार आली. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती, नवरा पाइप मोजून देत होते. ती आतून गाईड घेऊन आली. मला वाटलं, चला, अक्कल आली. तिनं एका तीन चांदण्यांच्या प्रमेयावर बोट ठेवलं. मी हजार वेळा म्हटलेलं ते. सोपं करून सांगायचं तर असं, की एक संख्या आपल्या ठिकाणाजवळ जात जाते, दुसरी आपल्या ठिकाणाजवळ जात जाते, तर दोघींची बेरीज त्या ठिकाणांच्या बेरजेजवळ जाते. एप्सिलॉन म्हणजे किती चूक चालेल त्याची हद्द. गाईडमध्ये पहिल्याच ओळीत त्या एप्सिलॉनचं अर्धं घेतलेलं होतं.

"मामी, हे अर्धं काऊन घेतलं?"

मी म्हटलं, "तसंच घ्यायचं असते."

"पन काऊन? पूर्ण घेतलं तं काय होते?"

गिऱ्हाइकं ऐकत होती. नवरा पाइप धरून थांबले, माझी बायको आता कसं समजावते ते बघायला. मी मनातल्या मनात ते प्रमेय सुरुवातीपासून म्हणून पाहिलं, अर्ध्यापाशी पोचले आणि पुढची ओळ आपोआप आली, पण अर्धं का, हे कुठंच नव्हतं. कान तापले. आणि मला त्या पोरीचा राग आला. देवाशपथ सांगते, स्वतःचा नाही, तिचाच आला.

"काऊन काऊन करत बसशीन तं जन्मभर वांगे तोडत बसशीन!" मी ओरडले. "पेपरात कोनी काऊन विचारत नाई. पाठ कर आन मोकळी हो!"

तिनं गाईड मिटलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बराबर हाय ताईचं. आजकालच्या पोरायले तोंडच लय." नवरा पाइप पुन्हा सुरुवातीपासून मोजू लागले. मी आत गेले, हिरवं पुस्तक उचललं आणि कपाटात साड्यांच्या खाली घातलं. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. म्हटलं हे तिच्या भल्यासाठी, परीक्षा तोंडावर आलीय, बापानं अट घातलीय. सगळं खरंच होतं ते. फक्त त्याच्याखाली आणखी एक खरं होतं, की आता ती मला काही विचारणार नव्हती.

त्यानंतर तिनं विचारलं नाही. हिरवं पुस्तक कुठं गेलं हेही विचारलं नाही. गाईड घेऊन बसली. पहिले दोन दिवस ओळी अडायच्या, मग जमू लागलं. दुपारी आम्ही दोघी दुकानात बसायचो, नवरा गाईड धरायचे, आधी ती म्हणायची मग मी. तिची जीभ माझ्यापेक्षा हलकी. थोड्याच दिवसांत तिचं एकही देअरफोर सुटेना. नवरा म्हणायचे, "मामीवर गेली पोट्टी." मी हसायची. तिच्या आवाजात ती "मामी, निघालं!"वाली पोरगी कुठं ऐकू येते का म्हणून मी कान देऊन ऐकायची. लेट एप्सिलॉन बी ग्रेटर दॅन झीरो, आणि पुढं सगळं सरळ, एका सुरात.

पेपर निघाला. नुसता निघाला नाही, चांगले मार्क पडले. नंदोई पेढे घेऊन आले, डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "वयनी, पोरीचं कॉलेज तुमी वाचवलं." पोरगी पाया पडली. मी तिला उठवलं, पेढा भरवला. नणंद फोनवर रडत होती. ज्या गोष्टीसाठी आपण मान खाली घालायची, तिच्यासाठी लोक आपल्या गळ्यात हार घालतात तेव्हा काय करायचं असतं? मला कुणी शिकवलं नाही. मी चहा ठेवला.

दसरा जवळच होता. खंडेनवमीला आमच्याकडे दुकानातल्या अवजारांची पूजा असते. चौरंगावर नटबोल्टाचे पाने, मीटर, पाइप कापायची करवत, सगळं धुऊन पुसून मांडतात, आणि घरात शिकणारं कुणी असेल तर पुस्तकंही. नवऱ्यानं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, आणि तिच्यापुढं गाईड ठेवलं. हळद वाहिली, कुंकवाचं बोट ओढलं. म्हणाले, "यानंच पोरीले तारलं." मग मला विचारलं, "ते हिरवं बारकं कोठी हाय? ते बी ठेवू का?"

मी म्हटलं, "राहू द्या ते."

दुसऱ्या दिवशी लोक सोनं द्यायला आले. आमच्याकडे आपट्याऐवजी शमीची पानं असतात, ती हातात ठेवायचे, चौरंगापाशी वाकायचे, त्या गाईडला हात लावून कपाळाला लावायचे. मी बाजूला उभी. वाटत होतं, सरस्वतीनं पाटीवरून उतरून माझ्या कानाखाली एक द्यावी.

पाहुणे गेल्यावर मी कपाटाचं कुलूप काढलं. साड्या उचलल्या. हिरवं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून बसले. या वेळी मागं बघायची सोयच नव्हती, आणि तोंडही नव्हतं. कधी एका ओळीला आठवडा गेला. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात. नवऱ्याला म्हटलं, आता दुकानात म्हणून दाखवणार नाही. ते म्हणाले, "काऊन?" मी म्हटलं, "येत नाई म्हनून." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझा चेहरा बघून त्यांनी विषय सोडला, आणि त्यानंतर गिऱ्हाइकाला फळी दाखवणंही सोडलं. चांगला माणूस आहे.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. एका दुपारी मी पाटीवर रेघ ओढून बसले होते. रेघेवर एक ठिकाण, त्याच्या जरा अलीकडे एक खूण. दुसरं ठिकाण, त्याच्या जरा पलीकडे दुसरी खूण. आणि बघता बघता दिसलं. बेरीज केली की चुकाही एकत्र होतात! एकीची चूक आणि दुसरीची चूक, दोन्ही बेरजेत येऊन पडतात. मग दोघींची मिळून चूक हद्दीच्या आत ठेवायची असेल, तर एकेकीनं अर्ध्या हद्दीच्या आतच राहायला हवं. म्हणून अर्धं. बस, एवढंच. दोन बायकांनी मिळून शेरभर मीठ जास्त पडू द्यायचं नसेल तर प्रत्येकीनं अर्ध्या शेराच्या आत आवरावं, इतकं सोपं.

मी पाटी छातीशी धरून हसले. मोठ्यानं हसले. "निघालं!" म्हणाले, एकटीच. आणि तोच शब्द कानावर पडला तशी रडायला लागले. ती पोरगी एका दुपारी तिथंच येऊन उभी होती, या अर्ध्याच्या अगदी दारात. मी तिला शिकवायचीसुद्धा गरज नव्हती. मला येत नाही म्हटलं असतं, किंवा नुसती गप्प बसले असते, तरी संध्याकाळपर्यंत तिनं आपलं आपण शोधलं असतं आणि मलाही सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गुडीहत्नूरला गेले. हिरवं पुस्तक पिशवीत. वाटेत ठरवत होते, आधी माफी मागायची की आधी अर्ध्याचं सांगायचं. म्हटलं आधी अर्ध्याचं सांगू, ती उडी मारेल, मग माफी मागणं सोपं जाईल. मग पुस्तक तिच्या हातात द्यायचं, तुझंच आहे म्हणायचं.

पोरगी अंगणात आईजवळ बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून उठली, पाया पडली, पाणी आणलं. बरी दिसत होती. पुढचेही सगळे पेपर निघाले होते, आता शेवटचं वर्ष. नणंद म्हणाली, "तुमच्या पद्धतीनंच करते बाई सगळं. पाठ करते आन मोकळी होते." मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. धीर धरवेना, आल्या आल्याच बोलून गेले.

"अवं, मले समजलं! ते अर्धं काऊन घेतात ते!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसून पाहिलं, मोठ्या माणसाचं बोलणं नीट कळलं नाही की आपण हसतो तसं. हातातल्या जुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि विचारलं, "कोनतं अर्धं, मामी?"

टोमणा नव्हता तो. मी तिच्या डोळ्यांत शोधला, नव्हता. टोमणा असता तर मी तिथंच तिला कवटाळून घेतली असती. तिला खरंच आठवत नव्हतं.

मी पाटीवरचं सगळं तिला हातवारे करून सांगितलं. दोन चुका, एक हद्द, प्रत्येकीला अर्धी. ती "हो, हो" म्हणत राहिली, मधून एक काडी निवडून बाजूला टाकत राहिली. माझं सांगून झालं, तशी तिनं पुढची जुडी बांधायला घेतली. मग मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हटलं, "हे तुयंच हाय. ठेव."

"अय्या, हे तुमच्या फळीवरचं ना?" ती म्हणाली. ओढणीला हात पुसले, पुस्तक घेतलं, आणि आधी मागचं पान उघडलं.